मिशन बंगल्यातील पेटी : वाचन आणि सूचीकरणाच्या नोंदी

१० जून २०२४, नंदुरबार

येथील ख्रिस्ती मंडळीच्या जुन्या बंगल्याची कौले पावसाळ्यापूर्वी उतरवून घेताना माळ्यावर सापडलेली पत्र्याची पेटी आज पाळकसाहेबांनी माझ्या स्वाधीन केली. पंचकमिटीने ठरवून दिलेले काम असे की, पेटीतील कागद वाचावेत, त्यांची सूची करावी, प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे आणि कागद पुन्हा सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था सुचवावी. मी या मंडळीची सभासद नाही. परंतु एकतीस वर्षे येथील शाळेत मराठी शिकवले आणि मोडी वाचता येते, एवढ्या दोन गोष्टींवर हे काम माझ्याकडे आले. मदतीला महाविद्यालयात इतिहास शिकणारा एक विद्यार्थी आहे. संगणकावरील तक्ते तो भरील.

पेटीत औषधालयाच्या रुग्णनोंदीच्या दोन जाड वह्या, घरखर्चाची मोडीतील एक चोपडी, इंग्रजी रोजनिशी, मायदेशी धाडलेल्या पत्रांच्या कार्बन प्रती आणि मराठी शिकतानाची एक सरावाची वही निघाली. सर्व कागद पहिल्या महायुद्धानंतरच्या सात-आठ वर्षांतील आहेत आणि चोपडी सोडली तर सर्व एकाच हातचे, म्हणजे औषधालय चालवणाऱ्या परदेशी बाईंचे आहेत. चोपडीत त्यांचा उल्लेख सर्वत्र ‘मिससाहेब’ असा आहे. या नोंदींत मीही तेच संबोधन वापरणार आहे.

१४ जून

रोजनिशीचा उजवा कोपरा वाळवीने खाल्ला आहे. रुग्णवह्यांची शाई काही पानांवर इतकी तीव्र होती की अक्षराच्या जागी कागदच झिजून चाळणी झाली आहे. विद्यार्थ्याने फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावण्याची तयारी केली होती. ती वेळीच थांबवली. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि कागद घेऊनच निघतो. मऊ कुंचल्याने धूळ झाडायची, उत्तरेच्या खिडकीच्या उजेडात, ऊन थेट न पडू देता छायाचित्र घ्यायचे आणि पान सुती कापडात ठेवायचे, असा क्रम ठरला. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात पूर्वी काही दिवस बसून बाडे हाताळण्याची जी सवय लागली होती, ती आज उपयोगी पडली.

२१ जून

रोजनिशीची पहिली साठ पाने वाचून झाली. परदेशी मिशनऱ्याचा दिवस म्हणजे सकाळ-संध्याकाळ प्रवचन, ही जी समजूत आपल्याकडे आहे, तिला या पानांत फारसा आधार सापडत नाही. मिससाहेब उजाडण्यापूर्वी उठतात, अर्धा तास प्रार्थना करतात, मग विहिरीचे पाणी तुरटी फिरवून निवळायला ठेवतात आणि आदल्या दिवशीचे निवळलेले पाणी उकळून घेतात. उन्हे वर येण्याआधी औषधालय सुरू होते. दुपारी पंडितांकडे दोन तास मराठीचा धडा, त्यानंतर हिशेब, पत्रे आणि औषधांच्या पुड्या. थंडीच्या दिवसांत बैलगाडीवर तंबू लादून गावोगावचा दौरा. मे महिन्यात डोंगरावर. ज्यांना मुले होती ते मिशनरी मुलांना दूर कोडाईकनालला धाडीत. तेथील मिशनरी मुलांची शाळा १९०१ साली सुरू झाली होती. शेजारच्या ठाण्यावरील एका दांपत्याची मुले नऊ महिन्यांनी घरी आली तेव्हा धाकटा आईला ओळखीना, असे एक वाक्य रोजनिशीत आहे आणि त्याच्या पुढच्याच ओळीत क्विनाइनच्या बाटल्या मोजल्या आहेत.

पार्श्वभूमी म्हणून सूचीच्या प्रस्तावनेत थोडे लिहावे लागेल. मराठी मुलखात अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले. त्यांतील गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडील दौऱ्यावरून परतताना पटकीने वारले. खानदेशात मात्र हे काम पुष्कळ उशिरा मूळ धरू लागले. फ्रेड्रिक फ्रान्सन यांनी १८९० साली शिकागोत स्थापन केलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक पश्चिम खानदेशात आले; त्यांत स्वीडन-नॉर्वेतून अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या घरांतले पुष्कळ होते. म्हणजे इंग्रजी हीच ज्यांची दुसरी भाषा होती, ते येथे येऊन तिसरी शिकत होते. याच मिशनचे नाव १९४९ पासून दि इव्हँजेलिकल अलायन्स मिशन असे झाले. एका मुलखात दोन मिशनांनी एकमेकांच्या कामात शिरू नये म्हणून त्यांनी आपसांत प्रदेश वाटून घेतले होते, हेही नमूद करणे जरूर आहे.

३ जुलै

मोडी चोपडी. लिहिणारे मुनशी नेटके होते. ओळ सरळ, हात जलद, आकड्यांत खाडाखोड नाही. एका खर्चापाशी मात्र विद्यार्थी आणि मी दोघेही थबकलो. ‘ताडी’ ही नोंद आठवड्यातून तीनदा आढळते. दारूबंदीची पत्रके वाटणाऱ्या घरात ताडी कशी येते, असा प्रश्न त्याने हसून विचारला. उत्तर मुनशींनीच देऊन ठेवले आहे. प्रत्येक वेळी, एकदाही न चुकता, त्यांनी पुढे ‘पावासाठी’ असे लिहिले आहे. खमीर मिळत नसे, तेव्हा पीठ फुगवण्यासाठी आंबलेली ताडी घालीत. हा शब्द पुढेमागे कोणी वाचील आणि घराची अब्रू जाईल, ही काळजी मुनशींना मिससाहेबांपेक्षा अधिक असावी.

याच चोपडीत खानसामा, पाणक्या, बैलगाडीवान, भाषेचे पंडित आणि ‘बायबल वूमन’ म्हणून घरोघर जाणाऱ्या दोन बाया यांचे पगार नावानिशी मांडले आहेत. कार्बन प्रतींतील पत्रांत यांपैकी कोणाचेही नाव नाही. तेथे ‘माझा स्वयंपाकी’, ‘आमची एक बहीण’ एवढेच येते. सूचीत नावे चोपडीतून घ्यावीत, असे ठरवले आहे.

१२ जुलै

औषधालयाची पहिली वही. रकाने तारीख, नाव, गाव, तक्रार आणि दिलेले औषध असे आहेत. तक्रारीचा रकाना रोमन लिपीत आहे आणि अक्षर घाईचे आहे. विद्यार्थ्याने चार दिवसांत सहाशेच्या वर ओळी तक्त्यात उतरवल्या व आज त्यांचा गोषवारा दाखवला. त्यात बहुसंख्य रुग्ण पुरुष असल्याचे दिसते. स्त्रियांसाठी म्हणून उघडलेल्या औषधालयात पुरुषांचीच एवढी गर्दी का, हे कळेना. त्याचे म्हणणे असे की वहीत स्पष्टच लिहिले आहे: तक्रारीच्या सुरुवातीला एम, ए, एल, ई ही चार अक्षरे, म्हणजे इंग्रजीत पुरुष. त्यापुढे टी-ए-पी आणि वाय-ई-एस. म्हणजे ‘टॅप’ केले असता ‘येस’, छाती ठोकून तपासल्याची ही खूण असावी. तर्क हुशारीचा होता आणि मीही तो क्षणभर मान्य केला. पण नावांच्या रकान्यात बायांची नावे होती.

१८ जुलै

मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षे दाई म्हणून काम केलेल्या मावशींना पाळकसाहेबांनी आज बोलावून आणले. वय ऐंशीच्या पुढे. रोमन अक्षर त्यांना वाचता येत नाही, म्हणून विद्यार्थ्याने अक्षरे जशी आहेत तशी मोठ्याने म्हणायची आणि त्यांनी ऐकायचे, असे ठरले. तो म्हणाला, ‘मेल टॅप येस’. मावशींनी मान हलवली. मी म्हटले, इंग्रजी विसर आणि अक्षर अक्षर म्हण. तो म्हणाला, ‘मा-ले ता-प ये-स’.

मावशी हसू लागल्या. ‘बाई, हाई इंग्रजी नही, हाई आपली बोली शे. माले ताप येस.’

मला ताप येतो. चार दिवसांत पुरुष ठरवलेले सर्व रुग्ण एका वाक्याने पुन्हा बाया झाले. त्यानंतर तासभर वहीतील ओळी एकामागून एक उघडत गेल्या. ‘पॉट’ म्हणून तक्त्यात गेलेले भांडे हे पोट निघाले: ‘मना पोट दुखस.’ ‘माले भूक नही लागस.’ मिससाहेबांनी रुग्णाची तक्रार इंग्रजीत भाषांतरून लिहिलीच नव्हती. बाई जे बोलली ते, कळले असो वा नसो, कानावर पडले तसे उतरवून घेतले होते. बहुधा संध्याकाळी पंडितांना विचारून अर्थ लावायचा बेत असावा, कारण काही ओळींपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे.

येथे एक गोष्ट लिहून ठेवणे मला भाग आहे. मी स्वतः घरात अहिराणी ऐकत वाढले. तरीही चार दिवस तो शब्द माझ्या डोळ्यांसमोर असताना मला वाचता आला नाही. शाळेत मुलांच्या निबंधांतील ‘माले’ आणि ‘तुले’ यांखाली तांबड्या शाईने रेघ मारून वर ‘मला’, ‘तुला’ लिहिण्यात जी वर्षे गेली, त्यांचा हा परिणाम असावा.

२६ जुलै

आज ‘डोया’ या शब्दावर बराच वेळ गेला आणि तो सार्थकी लागला. वहीत डी-ओ-वाय-ए असे आहे. अहिराणीत मराठीच्या ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. डोळ्याचा डोया होतो आणि काळ्याचा काया. ‘डोया उनात’ म्हणजे डोळे आले. ही तक्रार चैत्र-वैशाखात पानोपानी आहे.

मिससाहेबांची सरावाची वही याच काळातील आहे. तीत पंडितांनी घातलेले धडे आहेत, नामांचे विभक्तिप्रत्यय आहेत आणि ‘ळ’ या अक्षराची दोन पाने भरून उजळणी आहे. पंडितांनी पुण्याकडील ग्रंथांची मराठी शिकवली. मिशनऱ्यांची परीक्षा तीत होत असे, शब्दकोश मोल्सवर्थचा असे आणि छापील पवित्र शास्त्रही त्याच भाषेत होते. दुपारी बाई ‘माझा डोळा, माझ्या डोळ्याला’ असे घोकत होत्या आणि सकाळी औषधालयात ‘डोया’ ऐकत होत्या. एखादा मराठी शिकलेला कारकून तेथे बसला असता तर त्याने ऐकले ‘डोया’ असते आणि लिहिले ‘डोळा’ असते, कारण बरोबर काय ते त्याला आधीच ठाऊक असते. मिससाहेबांना ते अजून ठाऊक नव्हते. म्हणून या वहीतील बोली शाबूत राहिली.

खानदेशी बोलीचे त्या काळातील छापील नमुने मुळात थोडे. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा भिल्ली व खानदेशीवरील खंड १९०७ साली निघाला आणि त्याने खानदेशीला मराठीत न घालता भिल्लीबरोबर ठेवले, यावरून पुढे बरेच वाद झाले. त्या सर्वेक्षणात प्रत्येक भाषेचा नमुना म्हणून लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला भाषांतरून घेण्याची रीत होती. म्हणजे सरकारी दप्तरात खानदेशी माणूस बोलतो तो बापाकडे वाटणी मागणाऱ्या मुलाच्या तोंडून. आमच्या वहीत तो स्वतःच्या पोटदुखीविषयी बोलतो. भाषेच्या अभ्यासकाला यांतील दुसरा नमुना अधिक मोलाचा वाटावा, असे माझे मत आहे.

११ ऑगस्ट

विद्यार्थ्याच्या घरी कानबाईचे रोट. काम बंद.

२० ऑगस्ट

नारू. पहिल्या वहीत उन्हाळ्याच्या पानांवर हा एकच शब्द किती वेळा येतो ते मोजून झाले नाही, कारण मावशी आठवणी सांगू लागल्या आणि त्या थांबवाव्यात असे वाटले नाही. पायऱ्यांच्या बारवेत लोक पाण्यात उतरून घागर भरीत. ज्याच्या पायाला नारूचा फोड असे, तो पाण्यात उभा राहिला की फोडातून अळ्या पाण्यात सुटत. पाण्यातले बारीक सायक्लोप्स त्या गिळत आणि तेच पाणी दुसऱ्याच्या पोटात गेले की साधारण वर्षभराने त्याच्या पायातून हातभर लांबीचा जंत डोके काढी. उपाय एकच. जंताचे टोक काडीला गुंडाळायचे आणि रोज थोडाथोडा पीळ द्यायचा. घाई करून तो तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळे. वहीत औषधाच्या रकान्यात याच्यापुढे केवळ ‘काडी’ असा मराठी शब्द आहे, पुढे पट्टीची तारीख आणि कित्येक ठिकाणी तीच बाई पंधरा-वीस दिवस रोज आल्याची खूण.

रोजनिशीत बारवेला कठडा बांधून रहाट बसवण्यासाठी मिससाहेबांनी गावच्या पंचांशी केलेल्या बोलण्याची हकिगत आहे. तीन वेळा गेल्या. तिसऱ्या वेळी एका म्हाताऱ्याने विचारले की रहाट बसवला तर पाणी भरण्याची पाळी कोणाची आधी. या प्रश्नात गावाची सगळी उतरंड होती आणि बाईंना ती कळली नाही, असे त्यांच्या लिहिण्यावरून दिसते. त्यांनी ते ‘दिरंगाई’ म्हणून लिहिले आहे. रहाट बसला की नाही याची नोंद वाळवीने खाल्लेल्या कोपऱ्यात गेली.

भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २००० मध्ये जाहीर केले. विद्यार्थ्याने हा रोग पाहिलेला नाही. त्याला तो शब्द आडनावासारखा वाटला होता.

३ सप्टेंबर

कार्बन प्रती. पत्रे मायदेशातील मंडळ्यांत वाचून दाखवण्यासाठी लिहिली जात, कारण मिशनचा खर्च त्या मंडळ्यांच्या वर्गणीवर चाले, आणि हे ध्यानात ठेवून ती वाचली पाहिजेत. एका पत्रात अंधारात बसलेल्या लोकसमुदायाचे लांब वर्णन आहे. त्याच तारखेची रोजनिशी म्हणते: जादूच्या दिव्याची चित्रे दाखवताना रॉकेल संपले, लोक चांगले होते, त्यांनी कंदील आणून दिला, पाव कच्चा राहिला. दोन्हींतील अंधार एकच असावा, असा मला दाट संशय आहे.

पत्रे खोटी आहेत असे मी म्हणणार नाही. ती वर्गणी मागणारी आहेत. कालच्या पोळ्याला गावात निघालेल्या मिरवणुकीचे वर्णन मी कोणाला देणगी मागताना केले असते तर तेही वेगळेच झाले असते.

१७ सप्टेंबर

रोजनिशीत आज ती नोंद लागली. मिससाहेब मराठीच्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या; पंडितांना धोतरजोडी आणि नारळ दिला. चोपडीत दोन्हींची रक्कम आहे.

त्यानंतरच्या सोमवारपासून रुग्णवहीतील रोमन अक्षर बंद होते. तक्रारी देवनागरीत येऊ लागतात, अक्षर वळणदार आहे आणि ऱ्हस्व-दीर्घही बहुतेक बरोबर आहेत. ‘ताप येतो.’ ‘पोट दुखते.’ ‘डोळे आले आहेत.’ मावशींना ही पाने वाचून दाखवली तेव्हा त्यांनी विचारले की आता सगळ्या बामणाच्या बाया येऊ लागल्या की काय. गावे तीच आहेत आणि पुष्कळ नावेही तीच आहेत. मागच्या महिन्यात ‘माले ताप येस’ म्हणणारी बाई या महिन्यात ‘मला ताप येतो’ म्हणू लागली, असे वहीवरून दिसते. ती तसे म्हणाली नसणार.

मिससाहेबांना दोष द्यावा असे यात काही नाही. त्या शिकल्या, आणि जे शिकल्या ते कामाला लावले. मुनशींच्या मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच नसतो, त्यामुळे त्यांच्यावर ही वेळ कधी आली नाही.

२८ सप्टेंबर

पंचकमिटीपुढे कामाचा अहवाल ठेवला. दोन प्रश्नांवर बराच वेळ बोलणे झाले. स्मरणिकेसाठी बाप्तिस्मा झालेल्यांची संख्या काढून द्यावी, अशी एका सभासदांची इच्छा होती. पेटीतील कागदांत तशी यादी नाही आणि रुग्णांच्या नावांवरून ती अंदाजाने काढणे मला मान्य नाही, असे सांगितले. दुसरा प्रश्न रुग्णांच्या नावांचा. वहीत महारोगाच्या तक्रारी आहेत, बाळंतपणातील मृत्यू आहेत, नवऱ्याने मारल्याच्या जखमा आहेत, आणि त्या घरांतील नातवंडे आजही याच गावांत राहतात. म्हणून बाहेर द्यावयाच्या प्रतीत नावाचा रकाना झाकावा आणि गावाऐवजी केवळ तालुका ठेवावा, असे मी सुचवले. पाळकसाहेबांनी पाठिंबा दिला आणि ते मंजूर झाले. नोकरांची व बायबल वूमनची नावे मात्र उघडी ठेवायची, यावर दुमत झाले नाही.

तक्रारींपैकी काही ओळी अहिराणी नाहीत, असे मावशींचे ठाम मत आहे. त्या मावची या आदिवासी बोलीतील असाव्यात. नवापूरकडील एका शिक्षकांनी त्या ऐकून पाहण्याचे कबूल केले आहे.

९ ऑक्टोबर

दुसऱ्या वहीच्या मध्यावर पटकीची आठ पाने आहेत. इतर दिवशी वीस-पंचवीस रुग्ण. या दिवसांत ओळी पानाच्या समासात शिरल्या आहेत. विहिरीत लाल औषध टाकल्याच्या तारखा वर कोपऱ्यात दिल्या आहेत. औषधाचा रकाना बहुतेक रिकामा आहे, काही ठिकाणी मीठ-पाणी, काही ठिकाणी केवळ रेघ.

आणि या आठ पानांवर रोमन अक्षर परत आले आहे. परीक्षा उत्तीर्ण होऊन वर्ष उलटलेले असताना, दौतीतली शाई संपून पेन्सिल हाती घेतलेली असताना, मिससाहेब पुन्हा ऐकतील तसे लिहीत आहेत: ‘माले उलटी व्हस’, ‘माले पानी दे’. शेवटची ओळ तक्रारीच्या रकान्यात बसणारी नाही, पण तेथेच लिहिली आहे आणि ती एका पानावर चार निरनिराळ्या नावांपुढे आहे. नवव्या पानापासून शाई व देवनागरी पुन्हा सुरू होते.

विद्यार्थ्याने तक्त्यातील ‘लिंग’ हा रकाना काढून टाकला असून त्या जागी ‘रुग्णाचे शब्द’ असा रकाना घातला आहे. आठपैकी तीन पाने आज ऐकून झाली. चौथ्या पानावर मावशींनी हात वर केला आणि बाकीचे गुरुवारी ऐकू असे म्हणाल्या. छायाचित्रे क्रमांक घालून जतन केली आणि वही कापडात बांधली.